फोंड्याला समुद्र नाही

या सदरासाठी आलेलं हे पत्र बरंच लांब होतं. कामापुरतं इथे देते.

‘माई, नमस्कार. मी 36 वर्षांची. माहेर कराडकडचं, पण जन्मापासून डोंबिवलीत वाढले. आठ महिन्यांपूर्वी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या मार्दोळला भाड्याच्या घरात आलो. नवरा घरून काम करतो, मुलगा तिसरीत आहे. वाटलं होतं, इथे मराठी चालते, देव आपलेच, मासे-भात आवडतोच. रुळायला कितीसा वेळ लागणार?

पण ऑफिसात जेवणाच्या टेबलावर सगळे कोंकणीत बोलतात. मी तोंड उघडलं की हिंदीवर येतात, त्यांना चांगलं मराठी येत असताना! माझ्याविषयी बोलताना “तें मुंबयचें” म्हणतात. मी काय वस्तू आहे? एकदा तर पॅन्ट्रीत शिरताना एका सहकारी बाईंच्या तोंडून “ती घांटी मगो” असं स्पष्ट ऐकलं. माई, आम्ही दोघं शिकलेले, चांगल्या नोकरीतले. बांधकामावर आलेले मजूर नाही. मागे गप्पांच्या ओघात मी सहज म्हणाले, “कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?” टेबल एकदम गप्प. त्यात माझं काय चुकलं?

श्रावणात कपाट दुरुस्त करायला सुतार सांगितला. तीन आठवडे रोज “फाल्यां येतां”, उद्या येतो. शेवटी वैतागून स्टेटस टाकलं, “सुशेगाद गोंयकार!”, पुढे हसणारे चेहरे. ते घरमालकीणबाईंनी पाहिलं असावं. आधी त्या दोन-चार दिवसांआड काही ना काही डब्यातून पाठवायच्या, दिसलं की “जेवलें गो?” विचारायच्या. तेव्हापासून सगळं बंद. त्यांचा शेवटचा डबा अजून माझ्याच ओट्यावर आहे. मुलगा मात्र “माका उदक जाय” म्हणायला लागलाय. मी लगेच टोकते, मराठी बिघडायला नको. आणि डोंबिवलीहून जाऊबाईंचा फोन येतो, “मज्जा आहे बुवा तुमची, रोज समुद्र! तिकडे सगळेच पितात ना गं?” इथे कुणी आपलं मानत नाही, तिकडे कुणाला माझं खरं वाटत नाही. परत जावं का? – ना घरची, ना घाटाची’

जाऊबाईंपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात सोपं. त्यांना सांगा, फोंड्याला समुद्र नाही. नकाशा काढून दाखवा हवं तर. इथे डोंगर आहेत, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा आहेत, पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी आहे आणि देवळं आहेत. पिण्याचं विचारतील तर म्हणावं, मी रोज सकाळी सहाला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भोंप्यानं उठते, साडेसातला बस पकडते, संध्याकाळी सातला घरी येते. कधी प्यायची ते तुम्हीच सांगा. एवढ्यानं त्या गप्प होणार नाहीत, पण तुमचा जीव हलका होईल. तिकडच्या लोकांच्या डोक्यातला गोवा दोन सुट्ट्या आणि चार हिंदी सिनेमांनी तयार झालेला आहे, तो तुमच्या फोननं बदलणार नाही. पुढे चला.

देवळांवरून आठवलं. तुम्ही मार्दोळला राहता आणि रोज वेर्ण्याला जाता, हे वाचून मला हसू आलं. मार्दोळची म्हाळसा मूळची वेर्ण्याची! सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली देवळं पाडायला लागले तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलल्या आणि झुआरी नदीपलीकडे आणल्या. फोंड्याचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होता. मंगेश कुशस्थळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. म्हणजे फोंड्यातले मोठमोठे देव बाहेरून आलेले, भायलेच. त्यांना रुळायला किती वर्षं लागली याची नोंद कुठे नाही. तुम्ही रोज देवीचा रस्ता उलटा चालता, तोही आठ महिनेच.

आता ‘तें’. हे वाचून मी इतकी हसले की आमचे हे आतून बाहेर आले, काय झालं म्हणून.

अहो, कोंकणीत मुलीला, तरुण बाईला नपुंसकलिंगात बोलतात. ‘तें आयलें’, ‘तें गेलें’, ‘तें बरें चेडूं’. पलीकडे मालवणीतही हीच तऱ्हा. लहान, घरातलं, लाडाचं जे असतं ते ‘तें’. बाई पोक्त झाली, अंगावर मान आला, की ती ‘ती’ होते. मला इथे ‘ती’ कधी म्हणायला लागले ते नेमकं आठवतं, कारण त्या दिवशी मी आरशात केस बघितले होते. छत्तिसाव्या वर्षी ऑफिसात तुम्हाला ‘तें’ म्हणतात, म्हणजे त्या टेबलानं तुम्हाला अजून लेकरांत धरलंय. तुमच्या घरमालकीणबाई ‘जेवलें गो?’ म्हणायच्या, त्यातही तेच ‘तें’ आहे. ‘जेवलीस का?’ असं विचारलं असतं तर तुम्हाला खटकलं नसतं, पण त्यात ही माया नसती. आठ महिने तुम्ही जो अपमान मोजलात त्यातला बराचसा व्याकरणाचा होता.

माझीच गोष्ट सांगते. 1983 साली लग्न होऊन गिरगावातून फोंड्याला आले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, ‘तुका च्या जाय?’ मला ‘चहा’ कळलं आणि ‘जा’ कळलं. उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. ‘जाय’ म्हणजे ‘हवं’, हे मला कोण सांगणार? सासूबाईंनी महिनाभर गावभर सांगितलं, सून एवढी कामसू की चहा हवा का विचारलं तर पंधरा माणसांचा करून आणते. तो गैरसमज मी पुढे कधी दूर केला नाही.

‘घांटी’चं मात्र व्याकरण नाही. तो शब्द वाईटच आहे आणि तुम्हाला लागला ते बरोबर आहे. पण त्या शब्दाचा प्रवास मला ठाऊक आहे, कारण मी त्याची दोन्ही टोकं पाहिली आहेत. आम्ही रत्नागिरीकडचे. गिरगावातल्या आमच्या चाळीत घाटावरून आलेलं एक बिऱ्हाड होतं. नळावर ती बाई आली की आम्ही पोरी एकमेकींना कोपर मारून ‘घाटीण आली’ म्हणायचो. मी पण म्हणायचे. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. एकदा तिनं ऐकलं आणि आठवडाभर माझ्याशेजारी बसली नाही. मला तेव्हा वाटलं, एवढं काय लागायचं त्यात! मग फोंड्यात आले. एका कापडाच्या दुकानात रंग नीट दिसत नाही म्हणून साडी दारात नेऊन बघत होते, तर मागून आवाज, ‘घांटीण ती, असोच त्रास दितली.’ मी, कोकणातली! आयुष्यात घाट चढले होते तो फक्त एसटीतून, एका लग्नाला. गोव्यात घाट कुठे सुरू होतो ते बोलणारा ठरवतो. कधी बेळगावचा घांटी, कधी कोल्हापूरचा, कधी विजापूरहून रस्त्याच्या कामावर आलेला, कधी सरळ मुंबईचा.

म्हणून तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. ‘बांधकामावर आलेले मजूर नाही.’ म्हणजे मजुराला घांटी म्हटलेलं चालेल, मला नको, असंच ना? ज्या उत्तर कर्नाटकातल्या बाईच्या डोक्यावरच्या पाटीतून तुमच्या ऑफिसची इमारत उभी राहिली, तिला हा शब्द दिवसातून चार वेळा ऐकावा लागतो आणि तिला कुठल्या सदरात पत्र लिहिता येत नाही. ‘मी तसली नाही’ असं सांगत सुटाल तर शब्द तसाच राहील, फक्त तुमच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर जाईल. त्या सहकारी बाईंना एकटीला गाठा. चारचौघांत नको, एचआरला मेल तर आधीच नको. शांतपणे म्हणा, ‘ते घांटी म्हणू नका हं. कराडची म्हणा, डोंबिवलीची म्हणा.’ इतकंच. त्या ओशाळतील किंवा ‘मी तुला नाही म्हटलं’ म्हणतील. काहीही म्हणोत, पुढच्या वेळी तोंडाशी आलेला शब्द अडखळेल. परत ऐकू आलं, मुद्दाम, तोंडावर, तर मात्र लेखी तक्रार करा. तेव्हा भिडस्तपणा नको.

आता टेबल गप्प झालं त्याकडे येते. पत्रातली खरी अडचण ही, बाकी सगळं तिच्या भोवतीचं.

तुम्ही म्हणता, सहज बोलले. पटतं मला. मुंबई-पुण्यात हे वाक्य लोक ‘ठाणे हे मुंबईचंच उपनगर ना?’ इतक्या सहज बोलतात. पण गोव्यात या एका वाक्यावर मतदान झालंय. 16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित ठेवायचा, असा कौल घेतला गेला. विलीनीकरणाला खूण होती फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. आमच्या घरात सासरे फुलाचे आणि चुलत सासरे दोन पानांचे. मी आले तेव्हाही, सोळा वर्षांनंतर, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोघं गणपतीवर टांगलेल्या एकाच माटोळीखाली, त्या रानफळांच्या चौकटीखाली बसायचे, एकाच आरतीला टाळ धरायचे आणि एकमेकांशी बोलायचे ते पोरांमार्फत. ‘काकाला सांग, प्रसाद घे.’ काका दोन हातांवर बसलेला!

गंमत पुढे आहे. विलीनीकरणाचा झेंडा धरणारे भाऊसाहेब बांदोडकर. जानेवारीत त्यांचं म्हणणं नाकारणाऱ्या गोव्यानं मार्चच्या निवडणुकीत पुन्हा त्यांच्याच पक्षाला निवडून दिलं, मुख्यमंत्री पुन्हा तेच. ‘गोंयकार म्हणजे असा’ असं एका ओळीत सांगणाऱ्याला हे दोन महिने समजावून सांगायला सांगा.

त्यानंतरही वाद मिटला नाही. कोंकणी स्वतंत्र भाषा आहे असं साहित्य अकादमीनं 1975 साली मान्य केलं, तरी राजभाषेचा प्रश्न लोंबकळत होता. 1986 च्या डिसेंबरात रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली मी पाहिली आहेत. माझी म्हापशाची नणंद आमच्याकडे दोन दिवसांसाठी आलेली, आठवडाभर अडकली. त्या आंदोलनात सात जणांचे जीव गेले. मी तेव्हा नुकतीच शाळेत मराठी शिकवायला लागले होते आणि आमची स्टाफरूम सरळ दुभंगली. चहाच्या किटल्यासुद्धा दोन झाल्या. एक कोंकणीवाले सर, अतिशय सज्जन माणूस, मला एवढंच म्हणाले, ‘शाळेंत शिकयनात म्हणून ती भास न्हय?’ मी मराठीची बाई, मला उत्तर सुचलं नाही. पुढे 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा राज्य झालं. मग किटल्या एक झाल्या, पण ‘बोली’ हा शब्द स्टाफरूममध्ये पुन्हा कुणी उच्चारला नाही.

आता विचार करा. तुमच्या टेबलावर पंचेचाळीस-पन्नाशीचं कोणीतरी असेल. त्यांच्या घरात कुणी फूल, कुणी दोन पानं झालेलं असेल. तिथे मुंबईहून आलेली, छान, शिकलेली मुलगी डाळीत लिंबू पिळता पिळता म्हणते, ‘मराठीचीच बोली ना?’ त्यांनी भांडण केलं नाही, गप्प बसले, हा त्यांचा चांगुलपणा. भाषाशास्त्रात कोण बरोबर, हे मला विचारू नका. मी मराठी शिकवण्यात हयात घालवली आणि माझं मत मी सुनेलाही सांगत नाही.

यातली खरी गुंतागुंत अशी की गोव्यात मराठी परकी नाही. जत्रेला रात्रभर नाटक होतं ते मराठी, कीर्तन मराठी, आरत्या मराठी, सकाळी ओसरीवर पडणारा पेपर अनेक घरांत मराठी. पण आरती संपली की पोराला ‘हांगा यो रे!’ म्हणून हाक मारतात ती कोंकणीत. देवाशी मराठी, लेकराशी कोंकणी. तुम्हाला देवळातली मराठी ऐकू आली आणि वाटलं, आपण घरात आलो. तुम्ही ओसरीपर्यंत आला होतात. ते तुमच्याशी हिंदीवर का येतात, याचंही मूळ यातच आहे. मराठीत बोलले तर मुंबईच्या मराठीपुढे आपली मराठी तोलली जाईल, ‘तुमचे उच्चार किती गोड हो’ असं कुणीतरी म्हणेल. हिंदीत दोघंही सारखेच वाईट, हिशेब फिटला.

तेव्हा उद्यापासून एक करा. टेबलावर सांगून टाका, ‘तुम्ही कोंकणीतच बोला, मला ऐकायचंय. मी मराठीत उत्तर देते, अडलं तर विचारीन.’ मोडकं कोंकणी बोलण्याचा अट्टहास लगेच नको. आधी ऐका. तीन महिन्यांत ऐंशी टक्के कळेल, आणि उरलेल्या वीस टक्क्यांत तुमच्याविषयी फारसं काही बोलत नाहीत हेही कळेल. बहुतेक बोलणं इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या भावाचं असतं. आणि कृपा करून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. आल्या-आल्या गाडीवर ‘गोंयकार’ लावणारे, बाजारात नुस्तेंकान्नीशी, म्हणजे मासेवालीशी, रंगमंचावरची कोंकणी बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. नुस्तेंकान्न त्यांना ‘देव बरें करूं’ म्हणते आणि बांगडे पन्नास रुपये जास्त लावते.

सुतार. त्याला इथे मेस्त म्हणतात आणि श्रावणातल्या मेस्ताला दोष देणं म्हणजे जूनमधल्या छत्रीवाल्याला दोष देणं. चवथीआधीच्या महिन्यात गोव्यातल्या प्रत्येक घराला रंग हवा असतो, देवाचं मखर नीट करायचं असतं, माटोळीची चौकट दुरुस्त करायची असते, आणि शिवाय मेस्ताला स्वतःचंही गणपतीचं घर असतं, बहुधा दूर सत्तरीत नाहीतर सांग्याला. माटोळीला लागणारी रानातली कवंडाळं, सुपारीची शिपटी, तोरिंगं हे सगळं तोच गोळा करत असतो. तो तुम्हाला ‘चवथ जांव दी, मागीर पळोवया’, चवथ होऊ दे, मग बघू, असं तोंडावर का म्हणाला नाही? म्हणायला हवं होतं, हे खरं. पण नाही म्हणणं इथे उद्धटपणा समजतात, त्यामुळे ‘फाल्यां’ म्हणतात. ‘फाल्यां’ दोनदा आलं की समजायचं, उत्तर ‘नाही’ आहे, आणि स्वतःच विचारायचं, ‘चवथीनंतर येशील का?’ तेव्हा तो खरी तारीख देतो. आता दिवाळी तोंडावर आहे, आत्ताच सांगून ठेवा.

आणि ‘सुशेगाद’. पोर्तुगीजांचा ‘सोसेगादो’, म्हणजे शांत, निवांत. या शब्दावर जाहिरातवाल्यांनी इतकं जगून घेतलंय की खुद्द गोंयकाराला आता तो ऐकला की दात आंबतात. दुपारी एक ते चार दुकान बंद दिसतं ते तुम्हाला दिसतं. तोच माणूस पहाटे पाचला मासे आणायला उभा होता आणि रात्री साडेआठला शटर ओढणार आहे, ते नाही दिसत. मी धोबीतलावच्या जेर महालात लहानपणी गेलेय, वडिलांच्या ओळखीच्या एका तारवटीला, म्हणजे खलाशाला भेटायला. तिथे गोव्याच्या गावांच्या कूड होत्या, अजून आहेत. एका लांब खोलीत भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, एकेका माणसाची एकेक, समोर आल्तार, म्हणजे ख्रिस्ती देव्हारा, त्यावर दिवा. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत माणसं त्या पेटीशेजारी सतरंजीवर झोपायची, बोट मिळाली की वर्षभर गायब. हे लोक आळशी? तीन पिढ्या बोटीवर भांडी घासून, इंजिनात कोळसा-तेल करून, आखातात उन्हात उभं राहून गावात घरं बांधली त्यांनी. आणि मुंबईनं त्यांना काय म्हटलं? सिनेमात दारू पिऊन ‘मॅन, मॅन’ करणारा सँड्रा आंटीचा नवरा. परप्रांतीय म्हणून मुंबईत आधी तेच राहिले. तुमच्या घरमालकीणबाईंचा सासरा, दीर, कुणीतरी त्या पेटीवर झोपलेलं असणं अगदी शक्य आहे. तुमचा तो हसरा चेहरा त्यांनी कशावर घेतला असेल, बघा.

इथल्या लोकांची भीतीही समजून घ्या, मान्य नसली तरी. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख. एकट्या कल्याण-डोंबिवलीत जवळपास तेवढी माणसं राहतात. त्यात दरवर्षी लोकसंख्येच्या कितीतरी पट पर्यटक, वर दुसरं घर म्हणून बंगला घेणारे, वर आपण. भाटं म्हणजे माडांच्या बागा विकल्या जातात, डोंगर कापले जातात, भाडी वाढतात. राग कुणावर काढायचा? बिल्डर दिसत नाही, तुम्ही दिसता.

आता तुम्ही डोंबिवलीच्या आहात म्हणून एक विचारते. सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात एखादी नवी बाई तुमच्या ग्रुपच्या सीटवर येऊन बसली की काय करता? आधी बघता. मग ‘इथे आमची एक येतेय’ म्हणता. कल्याणहून बसून आलेल्या बाईशी तुमच्या जन्माचं वैर. चौथी सीट मिळायला तुम्हाला स्वतःला किती महिने लागले होते? आणि एकदा ग्रुपमध्ये घेतल्यावर तिच्या डोहाळजेवणाला गाडीत फुगे लावणाऱ्या पण तुम्हीच. तुमचं ऑफिसचं टेबलही तसाच डबा आहे. त्यातल्या निम्म्या एका हायस्कुलात शिकलेल्या, निम्म्या एकमेकींच्या मावसबहिणी. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी चढलात. दाराशी उभं राहायचे हे दिवस. काही जणी कधीच सरकून जागा देणार नाहीत, हेही सांगून ठेवते. माझ्या एक चुलत जाऊबाई चाळीस वर्षं मला ‘मुंबयकान्न’च म्हणतात, आणि आता मला त्यांच्याकडून दुसरं काही ऐकायचंही नाही.

परत जावं का, हा प्रश्न मी सोडून देते. जी बाई मुलाची कोंकणी सुधारते तिला परत जायचं नाहीये, तिला भीती वाटतेय. त्याचं टोकणं आजपासून बंद करा. ‘माका उदक जाय’ यात एकही चूक नाही. तिसरीतल्या मुलाचं मराठी शेजाऱ्यांच्या कोंकणीनं बिघडत नाही, मी अख्खी शाळा साक्षीला आणते. माझे उत्तम मराठी निबंध लिहिणारे विद्यार्थी घरी शंभर टक्के कोंकणी बोलायचे. तुमच्या घरात दुभाष्या आयता आहे, त्याला शिक्षा कसली करता? वाड्यावरची मुलं हल्ली संध्याकाळी नरकासुर करायला लागली असतील, कागद, गवत, बांबू, खळ. त्याला पाठवा तिकडे. हात-तोंड रंगवून येईल, कपडे वाया जातील, आणि दिवाळीच्या पहाटे नरकासुर जळताना अख्खा वाडा त्याला नावानं ओळखेल. मग तुम्ही ‘अमक्याची आई’. गोव्यात ती ओळख फार पुढे नेते.

राहिला तो डबा. ओट्यावर किती आठवडे आहे तो? सहा? सात? इथे काय, आपल्याकडेही शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे तुम्हाला कराडच्या आजीनं शिकवलेलं असणार. आणि म्हणूनच तो पडून राहिला असेल, की यात घालू काय, तिनं खतखतें दिलं, तवसोळी दिली, मी त्या तोडीचं काय देणार?

शेंगदाण्याची चटणी करा. तुमच्या माहेरची, लसूण घालून, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. मिक्सरवर नको. घाटावरचीच चीज, लाजू नका. मी इथे आल्यापासून ती मला कुणी आणून देईना, हेही जाता जाता कळवते. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जा, दुपारी त्या झोपतात. दारातून ‘कुणी आहे का?’ नको, घरात हाक मारा. सात वाक्यांची माफी नको, ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ हे तर अजिबात नको. म्हणा, ‘त्या मेस्ताच्या रागात मी वाईट लिहिलं. तें चुकलें.’ एवढं कोंकणी चालेल. त्या डब्याचं झाकण उघडून वास घेतील, घेतीलच, आणि विचारतील, कुणी केली. त्याला सांगायचं, ‘हांवें केल्या.’ मग बसायला सांगतील. चहा विचारतील, ‘च्या जाय?’ तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाऊ नका.